शेततळ्यातला रोहू: उवा मोजा, अंडी उचला, मगच मासा बर्फात घाला

बेळगाव जिल्ह्यात खानापूरच्या तांबड्या मातीपासून अथणीच्या काळ्या रानापर्यंत आता कृषी होंडे, म्हणजे शेततळी, दिसतात, आणि त्यातल्या बऱ्याच होंड्यांत कटला, रोहू, मृगळ सोडलेले असतात. तिघांत भाव चांगला रोहूला आणि त्रासही जास्त रोहूलाच. तो त्रास म्हणजे माशांची ऊ, शास्त्रीय नाव आर्ग्युलस. आपल्याकडे या तिघांसारख्या कार्प गटातल्या माशांवर मुख्यतः आर्ग्युलस सियामेन्सिस ही जात सापडते. मसुराच्या डाळीएवढी चपटी, जवळजवळ पारदर्शक आणि चालती. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने, म्हणजे सिफाने, २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार या एका किडीपायी कार्प तळ्यांचं हेक्टरी वर्षाला साडेएकोणतीस हजार रुपयांच्या घरात नुकसान होतं. त्यात मेलेले मासे आहेत, पण न वाढलेलं वजन, औषधं आणि डाग पडल्यामुळे पडलेला भावही आहे.

औषध मारूनही ऊ परत येते, अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. कारण औषध अंगावरच्या उवेला लागतं, अंड्यांना लागत नाही, आणि अंडी माशाच्या अंगावर नसतातच. पुढची सगळी कामं या एका गोष्टीभोवती बेतलेली आहेत.

तळ्यात पाणी किती, हे आधी काढा

सगळ्यात मोठी चूक इथे होते. वरून ३० बाय ३० मीटर आणि खोली ३ मीटर, म्हणून २,७०० घनमीटर पाणी, असा हिशेब कागदावर मांडला जातो. पण होंड्याचे काठ उतरते असतात. १ मीटर खाली जाताना दीड मीटर आत, असा उतार धरला तर तळ २१ बाय २१ मीटरच उरतो. काठोकाठ भरलं तरी पाणी १,९७० घनमीटरच्या आसपास. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी २ मीटरवर आलं की पाण्याचा पृष्ठभाग २७ बाय २७ मीटर आणि एकूण पाणी सुमारे १,१६० घनमीटर. २,७०० धरून औषध टाकणाऱ्याने दुपटीहून जास्त मात्रा टाकलेली असते.

हिशेबाची रीत अशी: पृष्ठभागाचं क्षेत्र, तळाचं क्षेत्र आणि बरोबर मधल्या खोलीवरच्या क्षेत्राची चौपट यांची बेरीज करा, तिला ६ ने भागा आणि पाण्याच्या खोलीने गुणा. वरच्या उदाहरणात ७२९ अधिक ४४१ अधिक ४ गुणिले ५७६, म्हणजे ३,४७४. भागिले ६ म्हणजे ५७९, गुणिले २ म्हणजे १,१५८. खोलीसाठी बांबूवर दर १० सेंटीमीटरला रंगाची खूण करून तो तळाच्या मध्यभागी कायमचा रोवून ठेवा. औषधाच्या दिवशी आठवणीवर विसंबू नये.

बीज सोडण्याआधी

उन्हाळ्यात तळं पूर्ण आटवता आलं तर अर्धं काम झालं. मातीचं तळं भेगा पडेपर्यंत वाळवा. प्लॅस्टिक कागद घातलेलं असेल तर नुसतं रिकामं करून चालत नाही. गुळगुळीत टणक पृष्ठभाग उवेला अंडी घालायला फार सोयीचा. कागदाच्या घड्यांत पाणी साचून राहतं आणि तिथली अंडी ओलीच राहतात. खराट्याने घासा, घड्या उघडून पुसून घ्या आणि कडक उन्हात काही दिवस तसंच राहू द्या.

चुन्याबाबत आपल्या भागात एकच आकडा सगळीकडे चालत नाही. खानापूर भागातली जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी असते. तिथे १० गुंठ्यांना ५० ते १०० किलो चुना लागू शकतो, पण आधी मातीचा सामू तपासून घ्या. तटस्थ मातीला तेवढ्याच क्षेत्रात २० ते २५ किलो पुरतो. अथणी, रायबाग, चिकोडीच्या काळ्या जमिनीचा सामू मुळातच ८ च्या वर असतो. तिथे सामू वाढवायला चुना घालणं म्हणजे पैसे पाण्यात. निर्जंतुकीकरण करायचं असेल तर ओलसर तळावर १० गुंठ्यांना १०० किलो कळीचा चुना फेकून मग वाळवावा. कळीचा चुना आणि शेतीचा चुना यांत गल्लत नको. कळीचा चुना अंगावर भाजतो. तोंडाला फडकं आणि डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय फेकू नये, वाऱ्याकडे पाठ करून फेकावा.

पाणी कालव्याचं किंवा नदीवरून उपसलेलं असेल तर त्यातून रानटी मासे आणि उवांची पिल्लं दोन्ही येतात. मच्छरदाणीचं कापड पाइपला बांधलेलं बऱ्याच ठिकाणी दिसतं. ते रानटी मासा अडवतं, पिल्लू नाही. अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू साधारण अर्धा-पाऊण मिलिमीटरचं, मच्छरदाणीचं भोक त्याच्या दुप्पट. इंचाला ६० भोकांची जाळी पिशवीसारखी शिवून लावा आणि पिशवी लांब ठेवा, नाहीतर ती तासाभरात तुंबून फाटते.

बोटुकल्या, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, आल्यावर थेट मोठ्या तळ्यात ओतू नका. १०० लिटर पाण्यात ३ किलो जाडं मीठ विरघळवा, थोड्या थोड्या बोटुकल्या झोळीत घेऊन २ ते ३ मिनिटं बुडवा. एखादी कलंडली की लगेच बाहेर काढायच्या, घड्याळाकडे बघत बसायचं नाही. मिठाने काही उवा सुटून पडतात आणि कल्ल्यांवरचे बरेच सूक्ष्म जीव मरतात. शक्य असेल तर बोटुकल्या २ आठवडे वेगळ्या हाप्यात, म्हणजे पाण्यात टांगलेल्या जाळीच्या पेटीत, किंवा टाकीत ठेवून बघाव्यात. परराज्यातून ट्रकने आलेल्या बीजाच्या बाबतीत हे टाळूच नये. आणि मिठाचं पाणी तळ्यात ओतू नका, सुटलेल्या उवा त्यातच असतात.

बियाणं घेताना जयंती रोहूची चौकशी करावी. सिफाने नॉर्वेच्या मदतीने १९९२ साली निवडीचं काम सुरू केलं आणि १९९७ साली, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवात, ही सुधारित जात बाहेर आणली. नावामागचं कारण तेच. निवड पद्धतीने दर पिढीला वाढीचा वेग सुमारे १७ टक्के वाढत गेला, हे त्या कामाचं सार. मात्र जयंतीच्या नावाखाली साधा रोहूही विकला जातो; अधिकृत बीजकेंद्राची पावती मागावी. उवेविरुद्धची लस आहे असं सांगून कोणी काही विकत असेल तर खात्री केल्याशिवाय घेऊ नये.

वर सांगितलेल्या २७ बाय २७ मीटरच्या पाण्यात, म्हणजे ७ गुंठ्यांत, ४०० ते ५०० बोटुकल्या बस्स. त्यात कटला ४, रोहू ३, मृगळ ३ हे प्रमाण ठीक. रोहू मधल्या थरात फिरतो, कटला वर, मृगळ तळाशी. भाव बघून सगळा रोहूच सोडला तर मधल्या थरात गर्दी होते, आणि गर्दीत ऊ एका माशावरून दुसऱ्यावर सहज जाते.

उवा मोजायच्या कशा

दर १५ दिवसांनी, सकाळी, खाणं टाकण्याआधी. फेकजाळं तळ्याच्या तीन-चार वेगवेगळ्या जागी टाका. खाणं टाकतो त्या कोपऱ्यातच जाळं टाकलं तर धडधाकट, भुकेले मासेच हाती लागतात. आजारी मासा खाण्याला येतच नाही.

मासा जाळ्यात धडपडला की उवा सुटून पडतात, आणि अंगावर मोजलेला आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. म्हणून मासा सरळ पाणी भरलेल्या पांढऱ्या टबात घ्या. त्या पाण्यातच परांचं मूळ, कल्ल्याच्या झाकणाची आतली बाजू, पोट आणि शेपटीजवळचा भाग बघा. शेवटी टबातलं पाणी पांढऱ्या सुती कापडातून गाळून कापडावर राहिलेल्या उवाही मोजा. रोहूच्या खवल्यांत ऊ लपली की रंगाने दिसत नाही, हलली की दिसते. बोट ओलं करून खवल्यांच्या उलट दिशेने हलकेच फिरवावं.

समजा २० मासे पाहिले, ८ माशांवर उवा होत्या आणि एकूण उवा ३६. तर लागण ४० टक्के, लागलेल्या प्रत्येक माशावर सरासरी साडेचार उवा आणि सगळे मासे धरून दर माशामागे १.८. तिन्ही आकडे वेगळं काही सांगतात. लागण वाढतेय पण साडेचारचा आकडा स्थिर आहे, तर कीड पसरतेय. लागण तीच पण साडेचारचे बारा झाले, तर नवीन पिढी अंड्यांतून निघाली आहे. हे आकडे वहीत तारीख, पाण्याचं तापमान आणि खोलीसह लिहावेत. पुढे मत्स्यखात्याला किंवा प्रयोगशाळेला विचारायची वेळ आली तर ही वही फोटोंपेक्षा उपयोगी पडते.

२० मासे पुरेत का? तळ्यातल्या फक्त ५ टक्के माशांवर ऊ असेल तर २० माशांत एकही लागलेला मासा न सापडण्याची शक्यता ३६ टक्के, म्हणजे तीनदा मोजलं तर एकदा फसगत. ६० मासे पाहिले तर तीच शक्यता ५ टक्क्यांच्या खाली येते. म्हणून नेहमीच्या मोजणीला २० मासे, पण नवीन बीज सोडल्यानंतर महिनाभराने एकदा तरी ६० बघा. एका माणसाला अर्धा दिवस लागतो, तो द्यावा.

उवांशिवायही पाहुणे असतात. लर्निया, म्हणजे नांगरकिडा, अंगात रुतून दोऱ्यासारखा बाहेर लोंबतो. तो ओढून काढला तर डोकं आत राहतं आणि जखम चिघळते. कल्ल्यांवर तांदळाच्या कणीएवढे पांढरे दाणे दिसले तर बहुधा मिक्सोबोलस. त्यावर तळ्यात करण्याजोगं औषध नाही, गर्दी कमी करणं आणि मेलेले मासे लगेच उचलून चुन्यासह पुरणं एवढंच हातात. कल्ले फिके, चिकट आणि मासा वर येऊन गिळायला लागला तर डॅक्टिलोगायरससारखे कल्ल्यावरचे कृमी असू शकतात, पण ते सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. बेळगावची थंडी चांगली असते, पाणी २५ अंशांच्या खाली जातं. तेव्हा अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके आले तर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. पावसाळ्यानंतर लाल, खोल जखमा दिसल्या तर तो बुरशीचा व्रणरोग. त्यावर सिफाचंच सिफॅक्स हे औषध, हेक्टर-मीटर, म्हणजे १०,००० घनमीटर, पाण्याला १ लिटर या मात्रेत, वापरलं जातं. वरच्या १,१५८ घनमीटरला ते सव्वाशे मिलिलिटरही भरत नाही.

नमुना पाठवायचा असेल तर

मेलेला मासा पिशवीत घालून दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नेणं व्यर्थ. गोड्या पाण्यातला मासा उन्हात तासाभरात कुजायला लागतो, आणि मेल्यावर बहुतेक परजीवी अंग सोडतात. आजारी पण जिवंत मासा ऑक्सिजनच्या पिशवीत न्यावा. ते जमत नसेल तर जागेवरच नमुना करा: डाव्या बाजूच्या कल्ल्याची पहिली कमान कापून १० टक्के फॉर्मालिनमध्ये टाका. बाजारातलं फॉर्मालिन १ भाग, पाणी ९ भाग. कल्ला जेवढा त्याच्या दहापट द्रव. उवा वेगळ्या कुपीत अल्कोहोलमध्ये: ओळख पटवायला ७० टक्के, जनुकीय तपासणी हवी असेल तर ९५ टक्के. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून कुपीच्या आत टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि मग कुठला नमुना कुठल्या तळ्याचा हे कोणालाच सांगता येत नाही.

पहिला दरवाजा तालुक्याचं मत्स्यखातं, ज्याच्या पाटीवर मीनुगारिके इलाखे असं लिहिलेलं असतं. कर्नाटकातलं मत्स्य महाविद्यालय मंगळुरात आहे, आणि सिफाचं प्रादेशिक केंद्र बेंगळुरूजवळ हेसरघट्ट्याला.

अंड्यांचा बंदोबस्त

मादी अंडी घालायला माशाचं अंग सोडते आणि टणक जागा शोधते: दगड, बांबू, सिमेंट, पाइप, प्लॅस्टिक कागद. अंडी ओळीने, चिकट थराखाली चिकटवते. सुरुवातीला फिकी, मग तपकिरी. पाणी २८ अंशांच्या आसपास असताना ती साधारण २ ते ३ आठवड्यांत फुटतात. थंडीत पाणी २० च्या खाली गेलं की हाच काळ महिन्यापलीकडे जातो.

मग उवेला हवी ती टणक जागा आपणच द्यायची आणि ती आठवड्याला उचलायची. जुनी मंगळुरी कौलं यासाठी फार छान. वजनदार असतात, खडबडीत असतात आणि जुनं घर पाडलं की फुकट मिळतात. भोक पाडून नायलॉन दोरीने पाण्याखाली ३० ते ५० सेंटीमीटरवर टांगा. वरच्या तळ्याला ८ ते १० पुरेत. काठाशी, सावलीत आणि पाणी येतं त्या तोंडाशी. कौल नसेल तर काळा पीव्हीसी पाइप उभा चिरून किंवा फळी चालेल.

दर ७ दिवसांनी सगळी कौलं बाहेर. भिंगाने दोन्ही बाजू बघा, ओळी मोजून वहीत लिहा, खरवडून उन्हात पूर्ण वाळवा. दुसरा संच त्याच दिवशी पाण्यात. ७ दिवस का, तर अंडी फुटण्याच्या मुदतीच्या बऱ्याच आत. एकदा विसरून २५ दिवस गेले तर आपण उवांसाठी पाळणाघर चालवलं असं समजा. कौलांवरचे आकडे चार आठवडे सलग खाली येत असतील तर माशांवरचे आकडेही थोड्या दिवसांनी खाली येतात. औषधाशिवाय एवढ्यावरच निभावलेली तळी असतात, खासकरून तळातला कचरा, बांबूचे तुकडे, दगड काढून टाकलेले असतील तर. कारण मग मादीला कौलांशिवाय दुसरी जागा राहत नाही.

औषध द्यायचंच झालं तर

स्वस्तात स्वस्त पोटॅशियम परमँगनेट, गावातलं लाल औषध. ते उवांना पूर्ण मारत नाही, पण जखमांवरचे जिवाणू आणि कल्ल्यांवरचे जीव आटोक्यात आणतं. मात्रा साधारण २ पीपीएम, म्हणजे १,००० लिटरला २ ग्रॅम. १,१५८ घनमीटरला २ किलो ३०० ग्रॅम. पण पाण्यात शेवाळ, शेण, कुजकट असेल तर औषध त्यातच खर्च होतं. म्हणून आधी चाचणी. १ लिटर स्वच्छ पाण्यात १ ग्रॅम औषध विरघळवा. तळ्याच्या पाण्याच्या १ लिटरच्या पाच बाटल्या घ्या, त्यात या द्रावणाचे अनुक्रमे १, २, ३, ४, ५ मिलिलिटर टाका. १५ मिनिटांनी ज्या सर्वांत कमी मात्रेच्या बाटलीत गुलाबी रंग टिकला आहे, तो आकडा अडीचने गुणा. पहिलीच बाटली गुलाबी, तर अडीच पीपीएम. चौथी बाटली गुलाबी, तर १० पीपीएम. ही मात्रा टाकू नका, आधी पाव हिस्सा पाणी बदला. औषध बादलीत पूर्ण विरघळवूनच शिंपडा, कारण न विरघळलेला खडा माशाने गिळला तर तो मेला. ढगाळ दिवशी आणि पहाटे टाकू नका. शेवाळ मरतं, ऑक्सिजन घसरतो. पंप किंवा एअरेटर रात्रभर चालू ठेवा.

उवांवर थेट परिणाम करणारी डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, आयव्हरमेक्टिन ही औषधं वापरली जातात. त्यांची मात्रा इथे देत नाही, कारण प्रत्येक बाटलीतली तीव्रता वेगळी असते आणि चूक थेंबांची असते. पशुवैद्यक किंवा मत्स्य अधिकाऱ्याकडून मात्रा लिहून घ्या, पाण्याचा आकडा मात्र तुम्ही द्या. द्राक्षावर किंवा उसावर मारायच्या बाटलीतलं तेच नाव बघून तळ्यात ओतू नये. त्यातली द्रावकं आणि साबणासारखे पदार्थ कल्ले जाळतात. ही औषधं पाण्यातले सूक्ष्म प्राणीही मारतात, म्हणजे कटल्याचं जेवण जातं. पुढचे ८-१० दिवस त्याचं वजन अडतं.

एकदा टाकून थांबू नका. आज अंगावरच्या उवा मेल्या, पण अंडी आहेत. २८ अंशांच्या पाण्यात १२ ते १५ दिवसांच्या अंतराने तीनदा द्यावं, मधल्या काळात कौलं चालूच. अंतर यापेक्षा फार वाढलं तर नवीन पिल्लं वयात येऊन अंडी घालून मोकळी होतात आणि आपण पुन्हा पहिल्या दिवसावर. थंडीत अंतर वाढतं. मॅलाकाइट ग्रीन हे हिरवं औषध खाण्याच्या माशाला वापरण्यास परवानगी नाही, कोणी दिलं तरी नको. प्रतिजैविकं उवांवर चालतच नाहीत.

काढणी, बर्फ आणि कापणं

औषधाच्या पत्रकावर जेवढे दिवस थांबायला सांगितलं असेल तेवढे थांबल्याशिवाय जाळं ओढू नका. काढणीच्या २४ तास आधी खाणं बंद. पोट भरलेला रोहू कापताना घाण करतो आणि पोटाकडून लवकर कुजतो. निळं-हिरवं शेवाळ माजलेल्या पाण्यातल्या माशाला मातकट वास येतो, जिओस्मिन नावाच्या पदार्थामुळे. कितीही चिंच-कोकम घातलं तरी तो पूर्ण जात नाही. त्यावर उपाय एकच: स्वच्छ, वाहत्या पाण्याच्या टाकीत उपाशी ४-५ दिवस ठेवणं. वजन थोडं घटतं, पण कारवार-गोव्याहून आलेल्या समुद्राच्या मासळीशेजारी बेळगावच्या बाजारात तळ्याचा मासा याच वासामुळे मागे पडतो.

मासा पहाटे काढा आणि जिवंतपणीच बर्फाच्या पाण्यात टाका. तडफडून मेलेल्या माशाचं मांस लवकर ताठतं आणि लवकर सैल पडतं. २८ अंशांवरचा १ किलो मासा शून्यावर आणायला हिशेबाने पाव ते तीन दशांश किलो बर्फ लागतो. प्रत्यक्षात पेटी, हवा, रस्ता सगळं बर्फ खातं, म्हणून उन्हाळ्यात माशाइतकाच बर्फ, थरावर थर. नीट बर्फात ठेवलेला रोहू दोन आठवड्यांच्या आसपास खाण्याजोगा राहतो. नुसता वरून बर्फ भुरभुरवलेला राहत नाही.

कापायच्या ओट्याला आणि सुऱ्यांना १० लिटर पाण्यात ३.३ ग्रॅम ब्लीचिंग पावडर, पावडरीत ३० टक्के क्लोरीन धरून. हे १०० पीपीएम झालं. माशाच्या शेवटच्या धुण्याला १०० लिटर पाण्यात १.७ ग्रॅम, म्हणजे ५ पीपीएम. जुनी, गोळे झालेली पावडर वापरली तर हा हिशेब फसतो.

खवले शेपटीकडून डोक्याकडे. पोट गुदद्वारापासून कल्ल्यापर्यंत चिरताना सुरीचं टोक वर ठेवा. यकृताला चिकटलेलं हिरवं पित्ताशय फुटलं तर त्याच्या वाटेतलं मांस कडू होतं. पित्त लागलेलं मांस लगेच कापून टाका, धुऊन जात नाही. आणि औषध म्हणून रोहूचं कच्चं पित्त गिळणं हा जीवघेणा प्रकार आहे. त्यातल्या विषामुळे यकृत आणि मूत्रपिंड बंद पडल्याचे रुग्ण भारतात नोंदले गेले आहेत, आणि शिजवल्याने किंवा दारूत घातल्याने ते विष जात नाही. पित्ताशय थेट पुरायच्या बादलीत. पाठीच्या कण्याला लागून असलेली रक्ताची काळपट पट्टी चमच्याने खरवडा, मातकट वास तिथेही बसतो.

ऊ लागलेला मासा खावा का? आर्ग्युलस, लर्निया, कल्ल्यावरचे कृमी, मिक्सोबोलस यांतलं काहीही माणसाला लागत नाही. खवले आणि कल्ले काढले की तेही जातात. पण लाल, ओली जखम असेल तर तो भाग बोटभर जास्त कापून टाका, आणि पोटातून पाणी येत असेल तर मासा विकू नका. कार्पमधून माणसाला लागणारे यकृतकृमी पूर्व आणि आग्नेय आशियात कच्चा मासा खाण्यामुळे होतात. आपल्याकडे मासा तळून किंवा आमटीत शिजवून खातात, त्यामुळे तो प्रश्न येत नाही. फक्त मसाला लावलेला कच्चा तुकडा चाखून बघायची सवय सोडा. हॉटेलला अर्धकच्चं काही द्यायचं असेल तर उणे २० अंशांवर ७ दिवस. घरचा फ्रीज तेवढा थंड होतच नाही.

आता भावाचं गणित. आतडी, खवले, कल्ले काढले, डोकं ठेवलं तर १ किलोचे साधारण ८०० ग्रॅम. डोकंही काढलं तर ६०० ते ६५०. मधला कणा काढलेली फिले, म्हणजे दोन्ही बाजूंचं सलग मांस, ४०० ते ४५०. समजा अख्खा मासा १६० रुपये किलोने पडला. डोकं काढलेलं ६२ टक्के भरलं तर किलोला कच्चा खर्च २५८ रुपये, आणि ४२ टक्के भरणाऱ्या फिलेचा ३८१. त्यावर मजुरी, बर्फ, वीज, पिशवी. फिलेला २८० चा भाव सांगणारा तोट्यातच विकतोय, त्याला फक्त अजून कळलेलं नाही. डोकं फेकू नका. बंगाली, ओडिया गिऱ्हाईक ते मागून घेतं.

रोहूच्या मांसात वाय आकाराचे बारीक काटे असतात, फिलेतही. मांसाच्या बाजूने २-३ मिलिमीटरवर आडवे, कातडीपर्यंत पण कातडी न कापता चरे द्या आणि कडक तेलात तळा. काटे मोडून कुरकुरीत होतात, लागत नाहीत. कटलेटसाठी खिमा हवा असेल तर शेपटीकडून डोक्याकडे चमच्याने खरवडा, काटे मागे राहतात. लोणच्यासाठी फिलेचे तुकडे ३ टक्के मिठात तासभर, मग तळून, मसाला आणि व्हिनेगर. शेवटी सामूपट्टीने तपासा: साडेचारच्या खाली आला तरच बरणी भरा. चवीला आंबट लागतं, एवढ्यावर बरणी बंद करू नये.

आतडी आणि खवले तळ्यात परत टाकू नका, रोगाचं चक्र तिथूनच फिरतं. बारीक चिरून वजनाएवढा गूळ मिसळा, बरणीचं तोंड कापडाने बांधा, रोज ढवळा. काही आठवड्यांत गाळून पिकांवर फवारायचं खत तयार होतं. हुक्केरी-संकेश्वरकडे गुळाला काही तोटा नाही. पित्ताशय मात्र त्या बरणीतही नको, आणि बरणी अर्धीच भरा. पूर्ण भरलेली तिसऱ्या दिवशी उतू जाते आणि तो वास आठवडाभर अंगण सोडत नाही.